घामाची वाट

ताप आलेल्या पोराला मी गोधडीत गुंडाळलं होतं. कतारमध्ये. मे महिन्यात. भर दुपारी. वर एसी बंद केला होता, कारण तापातल्या माणसाला गार वारा बाधतो. पलंगाच्या कडेला बसून सुंठ आणि गवती चहाचा काढा चमच्याचमच्याने पाजत मी त्याच्या कपाळाकडे टक लावून बघत होते. आता घाम फुटेल, मग ताप उतरेल. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांचे ताप असेच उतरवले होते, तिच्या आईने तिचे. त्या वेळी माझ्या शहाणपणाला अशी धार होती की त्यावर भाजी चिरता आली असती.

घाम आला नाही. येणारच नव्हता. माझ्या पोराच्या अंगाला घामाची सोयच नव्हती. देवाने ही गोष्ट लपवून ठेवली होती असंही नाही. मिलिंद जन्मला तेव्हापासून तो ती मला रोज दाखवत होता. मीच बघत नव्हते. मी मिरवत होते.

यंदा पुन्हा मे महिन्यात कतारला आले. अल खोरला, थोरल्याकडे, म्हणजे त्या गोधडीतल्या मिलिंदकडेच. आता त्याचं घर असं गार की मला आत शाल लागते. तो पहाटे उठून समुद्रावर पोहून येतो, मग ऑफिसला जातो. गाडी गार, ऑफिस गार, दुकानं गार. बाहेरचा उन्हाळा म्हणजे काचेपलीकडचा सिनेमा. संध्याकाळी नातू फुटबॉल खेळून येतो. ईशान, वय नऊ. दारातून आत येतो तो निथळत. केस कपाळाला चिकटलेले, मानेवरून ओघळ, पाठीवर शर्टाला नकाशे. सून स्वयंपाकघरातूनच ओरडते, “आधी आंघोळ! कशाला हात लावू नकोस!”

मी हळूच म्हणते, “आधी इकडे ये.”

“आजी, आय अ‍ॅम स्टिंकिंग.”

“म्हणूनच ये.”

मी त्याच्या मानेत नाक खुपसते. आंबट, खारट, मातकट वास. तो अंग चोरतो. “दॅट्स सो वियर्ड, आजी!” असेल बाबा. दोन मुलं वाढवली मी, पण घामेजलेल्या पोराचा वास मला पहिल्यांदा मिळाला तो नातवाकडून. बापाकडून मुलाला हे दुखणं जात नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, तरी ईशानच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या गळ्याच्या घडीत ओल लागली तेव्हा मी बोट चाटून खात्री करून घेतली. सुनेने पाहिलं असतं तर मला पहिल्या विमानाने सांगलीला धाडलं असतं.

आम्ही तेव्हा दुखानला होतो. सत्तरचं दशक संपत आलेलं. पश्चिम किनारा, तेलाची विहीर, कंपनीची टाउनशिप, एकसारखी बैठी घरं. हे कंपनीच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होते. सासूबाईंना त्या गावाचं नाव कधी नीट ऐकू आलं नाही. त्या गावभर सांगायच्या, “आमचा कतारला दुकानात असतो.” पुढे पुढे मला त्या नावात ‘दुखणं’ ऐकू यायला लागलं.

दुपारी बायका कुणाच्या तरी घरी जमायच्या. प्रत्येकीच्या काखेत एक पोर आणि त्या पोराच्या मानेवर, पाठीवर लाल घामोळं. पावडरीचे डबे, चंदनाची पेस्ट, मुलतानी माती, सगळ्यांचे सगळे उपाय चालू. आणि मी मध्ये राणीसारखी बसलेली. “आमच्या मुलांना नाही बाई घामोळं. मिलिंदला नाही, मंदारलाही नाही. घामच येत नाही मुळी त्यांना. आमच्या घरातली त्वचाच तशी.” हे शेवटचं वाक्य म्हणताना मी मान कशी वेळावत असे ते आज आठवलं की मला त्या राणीला जाऊन एक टपली मारावीशी वाटते. त्वचाच तशी! खरं बोलत होती बिचारी. तिला कळत नव्हतं एवढंच.

बाकीचंही दिसत होतं की. मिलिंदच्या डोक्यावर विरळ पिवळट लव. भेटेल तो विचारायचा, “जावळ काढलं वाटतं?” मी म्हणायचे, “हो, आत्ताच.” ते ‘आत्ताच’ चार वर्षं चाललं. दात उशिरा आले आणि आले तेही दोन-चार, मांजराच्या सुळ्यांसारखे टोकदार. मी म्हणायचे, उशिरा दात येणारी पोरं हुशार निघतात. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे म्हण तयार. न कळण्यासाठी केवढी हुशारी लागते, हे मला विचारा.

तर ती गोधडी. मिलिंद साडेचार वर्षांचा होता. ताप चढत होता, कातडी कोरडी ठणठणीत, तव्यासारखी. पोर गोधडी लाथाडून उठलं आणि न्हाणीघरात जाऊन फरशीवर पालथं पडलं. मी उचलून आणलं, पुन्हा गुंडाळलं. ते पुन्हा पळालं. मी पुन्हा आणलं आणि वर ओरडले, “असं केलंस तर बरं कसं वाटेल?” तेवढ्यात शेजारच्या हमीदाभाभी विरजण मागायला आल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, सहा पोरांची आई, आवाज बंदरावरचा. त्यांनी खोलीतली उष्ण हवा अनुभवली, बंद एसी पाहिला, गोधडी पाहिली. त्यांच्यादेखतच पोर आणखी दोनदा फरशीवर पळालं आणि मी दोनदा उचलून आणलं.

“अगो सुमन, ह्या काय करतंस?”

“घाम काढतेय.”

“घाम माझा निघाला! पोर सारखा उठून लादीवर जाताय. तो तुला सांगताय काहीतरी, तू ऐकतंस नाय.”

मी त्यांना काढ्याचं महत्त्व समजावून सांगणार होते. तेवढ्यात मिलिंदचे डोळे वर फिरले आणि त्याचे हातपाय झटके द्यायला लागले.

पुढचं सलग आठवत नाही. भाभींनी गोधडी फेकली. त्यांच्या नवऱ्याची गाडी. टाउनशिपच्या दवाखान्यात ओल्या चादरी आणि बर्फ. आणि माझ्या हातात, का कोण जाणे, काढ्याची वाटी. ती मी घरापासून न सांडता नेली होती.

तिथून आम्हाला दोह्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुलांचे डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचे होते, जाड भुवयांचे, हळू बोलणारे. मोडक्या इंग्रजीत ते, मोडक्या इंग्रजीत आम्ही, त्यामुळे जमलं. त्यांनी मिलिंदला पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या दीड वर्षाच्या मंदारच्या तळहातावरून अंगठा फिरवला, तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, तुम्ही हसा.”

मला वाटलं, मेला चावट दिसतोय. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “हस ना, सांगतायत तर.” मी हसले. लहानपणापासून मी तोंडावर हात धरून हसायचे, कारण माझे वरचे दोन दात खुंटीसारखे बारीक आणि दोन आलेलेच नव्हते. डॉक्टरांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि तेवढेच दात पाहिले. मग कागदावर चित्र काढून समजावलं. घामाच्या ग्रंथी नाहीत, किंवा असून नसल्यासारख्या. केस, दात, घाम, तिन्ही एकाच जागी बिघडतं. फार थोड्या घरांत होतं. आईकडून मुलाकडे येतं. आईला स्वतःला फारसं काही होत नाही.

“तुमच्या माहेरी असं कुणी?”

“कुणी नाही,” मी ताडकन म्हटलं. “ह्यांच्याकडे बघा. सासरे पंचविशीत टकले झाले.”

ह्यांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

मी एकच प्रश्न विचारला. जगतील ना? डॉक्टर म्हणाले, “पहिली काही वर्षं सांभाळा. ताप आणि ऊन, दोनच शत्रू. मोठे झाले की स्वतःला सांभाळायला शिकतात. इन्शाल्ला.” तो ‘इन्शाल्ला’ मी परतीच्या रस्ताभर चघळत आले. दोन्ही बाजूंना वाळू, गाडीच्या खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले, आणि ते वाऱ्याने दहा मिनिटांत पापडासारखे वाळत होते. हे म्हणाले, “हा उन्हाळा बघू. निभावलं तर राहू सगळे इथंच. नाहीतर तू दोघांना घेऊन गावी जा. मी पैसे पाठवीन.” मी हो म्हटलं. गावी वीज दिवसातून अर्धा वेळ, आणि अर्ध्या वेळात पंख्याखाली सासूबाई.

असा तो उन्हाळा. ईशानच्या मानेचा वास घेताना मला तोच परत भेटतो.

दुखानला उन्हाळ्यात नळाचं पाणी उकळतं यायचं, कारण टाकी गच्चीवर. म्हणून सगळ्या घरांत एक युक्ती असे: गीझर बंद ठेवायचा. घरातल्या गीझरच्या टाकीत पाणी सावलीत पडून राहायचं आणि निवायचं. गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला चटका. आमच्याकडे पाहुणा आला की हमखास किंकाळी ऐकू यायची. तसंच आमचं घर उलटं झालं होतं. लोक तापाला ऊब देतात, आम्ही बर्फ. लोक पोरांची अंगं पुसतात, आम्ही भिजवायचो.

बनियन हा माझा मुख्य उद्योग. ओलं करायचं, पिळायचं, घडी घालायची, फ्रीजमध्ये रचायचं. दोघांच्या अंगावर एकेक, दोन फ्रीजमध्ये, दोन बादलीत. अंगावरचं सुकलं की बदल. शिवाय इस्त्रीचं पाणी उडवायची बाटली कायम कमरेला. केसांवर फुस्स, मानेवर फुस्स. मंदार तर फुस्स ऐकलं की आपणहून मान पुढे करायचा, पूजेच्या पाण्यापुढे करावी तशी. हमीदाभाभींनी एकदा दही घ्यायला फ्रीज उघडला आणि पोळ्यांच्या डब्याशेजारी बनियनांची चळत पाहिली.

“अगो, नवऱ्याला डब्यात बनियन देतंस काय?”

“हो. आज भरलेलं आहे.”

त्या खो खो हसल्या. मग एक बनियन उचलून स्वतःच्या गळ्याला लावलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. “या अल्ला. मला पण शिव एक.”

बाकी दिवस असे हसरे नव्हते. सकाळी ऊन चढायच्या आत दोघांना बाहेर काढायचं, नंतर पडदे बंद. दिवसभर एसीची घरघर. तिचा सूर जरा बदलला की मी हातातलं टाकून एसीखाली जाऊन उभी. मिलिंद पडद्याच्या फटीतून बाहेरच्या पोरांची सायकल बघायचा. डोळ्यांत थेंब घालायचे, नाकात तेल, अंगाला तेल. भात-वरण कुस्करून चाळणीतून काढायचं, कारण चावायला दात नाहीत. सगळं झालं की पहिलं बनियन सुकलेलं. मी दमत होते म्हणणं बरोबर नाही. दमणारी माणसं बसतात आणि ‘हुश्श’ करतात. मी कपाळाला हात लावायचे, इकडचं कपाळ, तिकडचं कपाळ, पुन्हा इकडचं. झोपेतही हात हवेत जाऊन काहीतरी चाचपायचा. एकदा ह्यांचं कपाळ चाचपून त्यांनाच भिजवलं. आणि घाम? तो मला एकटीला तिघांचा यायचा. ब्लाउज पाठीला चिकटायचा आणि मी मनात म्हणायचे, हा घे रे, इथं वाया चाललाय, त्यांना दे. घाम गाळून मुलं वाढवली, असं आमच्याकडे सगळ्याच आया म्हणतात. माझ्याइतकं शब्दशः कुणी केलं नसेल.

ऑगस्टमधली एक दुपार. हवा दमट, समुद्र सांडल्यासारखी. बारा-साडेबाराला एसीची घरघर थांबली. आधी मला वाटलं, माझ्या कानाला काही झालं. मग कळलं, सगळ्या वसाहतीचीच वीज गेली होती. फ्रीज बंद, पंखा बंद. हे स्टोअर्समध्ये. मी गीझरमधलं सगळं गार पाणी टबात सोडलं आणि दोन्ही पोरांना त्यात बसवलं. फ्रीजमधला बर्फ टाकला. तो साखरेसारखा विरघळला. मंदार मांडीवर, मी कपड्यांसकट टबात, आणि बाहेर भिंती हळूहळू तापतायत. गीझर रिकामा झाला होता. एवढंच पाणी. ते कोमट झालं की पुढे काय, हा विचार मी करत नव्हते. तो माझ्या शेजारी बसून होता.

मिलिंद मात्र खूश. तो पाण्यात सरकत सरकत गेला, हनुवटी बुडाली, ओठ बुडाले. पाण्याच्या वर नुसतं नाक, दोन डोळे आणि ते विरळ केसांचं गोल डोकं. मग त्याने तोंड वर काढलं आणि बोळक्याने हसला.

आणि मला दत्तूमामा दिसला.

माझ्या आईचा धाकटा भाऊ. कृष्णाकाठच्या आमच्या आजोळी राहायचा. डोक्यावर चार केस, तोंडात तीन दात. वैशाखात कामं टाकून नदीत जाऊन बसायचा, नाकापर्यंत, तासन्‌तास. बैल पाजायला आलेले लोक हसायचे. आळशी म्हणायचे. त्याला मुलगी कुणी दिली नाही. आणि नवव्या वर्षी मी, गावातलं सगळ्यात आगाऊ कार्टं, घाटावर उभी राहून ओरडले होते, “म्हसोबा! आमचा मामा म्हसोबा!” म्हशीसारखा डुंबतो म्हणून म्हसोबा. नाव असं चिकटलं की पुढे पोस्टमनसुद्धा म्हसोबाचं घर विचारायचा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर मी काय म्हटलं? कुणी नाही.

टबात बसल्या बसल्या मला आधी लाज वाटली. एवढी की पाणी तापलं असावं. माझ्या दातांतून, माझ्या आईच्या दातांतून, हे सगळं आमच्याच घरातून चालत आलं होतं आणि मी सासऱ्यांच्या टकलावर खापर फोडून मोकळी. पण लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. मामा साठीचा होता. साठी! ना एसी, ना फ्रीज, ना मिसरी डॉक्टर. आणि जिवंत होता. मी मंदारला घट्ट धरलं आणि हसायला लागले, तोंडावर हात न धरता. मिलिंदलाही हसू आलं. तिसऱ्या प्रहराची बांग झाली, मग कितीतरी वेळाने एसी खाकरला, घरघरला, आणि मी त्या ओल्या साडीतच फरशीवर बसून रडले.

संध्याकाळी हे जेवायला बसल्यावर मी म्हटलं, “माझ्या माहेरचं आहे. मामाला होतं.”

ह्यांनी घास गिळला. “म्हणजे बाबांच्या टकलावरचा खटला मागे?”

“मागे.”

“बरं. ताक वाढ.”

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्या माणसाला रागवता यायचं नाही असं नाही. पण भांडायला लागणारी ताकद दोघांनाही बनियनं पिळायला लागत होती. उन्हाळा निघाला. गावी जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढचे उन्हाळे काही सोपे नव्हते, पण मोजण्यासारखेही राहिले नाहीत. मिलिंद सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला कवळी बसवली. सासूबाईंच्या आधी नातवाची कवळी आली, याचं त्यांना शेवटपर्यंत वैषम्य. मंदार आज कॅनडात आहे. जिथं बर्फ पडतो असा देश त्याने शोधूनच काढला, आणि तिथून फोनवर मला सांगतो, “आई, आज उणे वीस, मजा आहे.” हमीदाभाभी गेल्या. हे गेले. दुखानच्या घरात आता कुणाची घरघर चालते कोण जाणे.

त्या उन्हाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, मी दोन्ही पोरांना घेऊन आजोळी गेले होते. मामा घरी नव्हता. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणजे तो कुठे असणार हे मला विचारावं लागलं नाही. घाटाच्या शेवटच्या पायरीशी पाण्यातून नाक आणि दोन डोळे वर होते. डोकं आता पूर्ण गुळगुळीत. मला पाहून तो गळ्यापर्यंत वर आला. मी मिलिंदची टोपी काढली. मामा त्या विरळ डोक्याकडे बघत राहिला, मग मंदारच्या. त्याने ओला हात पुढे केला, आणि मिलिंद, जो परक्याकडे कधी जात नसे, कपड्यांसकट त्याच्या मांडीवर पाण्यात जाऊन बसला.

मी पायरीवर बसले. माफी मागायची म्हणून दोह्याच्या विमानतळापासून वाक्य जुळवत आणलं होतं. ते आलंच नाही. तोंडून निघालं ते एवढंच, “मामा, तू एवढी वर्षं कशी रे काढलीस?”

त्याने ओंजळभर पाणी मिलिंदच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, “आगं सुमे, सगळी मला बघून दात काढायची. मला काढायला दातच न्हवतं, मग मी आपली बुडी मारायचो. पान्याखाली कुनाचं हसनं ऐकू येत न्हाई बघ. पोरांस्नी पवायला शिकीव.”